मंडईच्या रात्री सवतीचं नाटक

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागतो. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची, परवा तलावापल्याडची. तारखा ठरवताना शेजारच्या गावाशी टक्कर होणार नाही, एवढी काळजी घेतलेली असते. हलक्या धानाची कापणी उरकलेली, भारी धान अजून बांधीत उभं, हातात थोडा पैसा आणि थोडी सवड. दिवसा गोवाऱ्यांची ढाल निघते, चौकात दंडार होते, उकडलेल्या शिंगाड्यांचे आणि जिलबीचे ठेले लागतात. ओवाळायला माहेरी आलेली लेक मंडई करूनच सासरी परतते. तिच्यामागे जावई येतो, व्याही येतात, आत्या-मावश्या येतात. उपवर पोरापोरींच्या सोयरिकीची पहिली बोलणी याच दिवसांत ओसरीवर होतात. आणि जेवणं उरकली की घरदार कुलूपबंद करून सगळे नाटकाला जातात.

त्या नाटकात बहुतेक वेळा एक संसार मोडतो.

नाक्यानाक्यावर चिकटवलेली नाटकांची भित्तिपत्रकं वाचत साकोली-लाखांदूरच्या रस्त्यानं गेलं तरी हे कळतं. 'तीन अंकी', 'संगीत', 'लावणीप्रधान', 'कौटुंबिक' ही विशेषणं ठरलेली. नावांमध्ये कुंकू, सौभाग्य, सवत, सून, लेक, मंगळसूत्र हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'माझं कुंकू मीच पुसलं' हे या भागातलं गाजलेलं नाटक. त्याचं शीर्षकच झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला काय ऐकायचं असतं ते सांगून जातं. सासरी नांदणाऱ्या, नांदायला जाणाऱ्या आणि नांदवलं नाही म्हणून माहेरी परत आलेल्या अशा सगळ्या बाया एकाच मांडवात बसलेल्या असतात, आणि समोर नवरा दुसरीच्या नादी लागलेला असतो. सोयरिकीच्या मोसमात मोडलेल्या संसाराचं नाटक गावानं स्वतः पैसे जमवून बोलवावं, हा मला योगायोग वाटत नाही. लग्न जुळवणाऱ्या समाजाला लग्नाची भीती बोलून दाखवायला एक जागा लागते. झाडीपट्टीनं ती जागा रात्री दहा ते पहाटे चार अशी करून दिली आहे.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा. त्यातला गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. इथल्या नाटकाला शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि तिच्या मुळाशी दंडार, खडी गंमत हे लोकप्रकार आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि तिच्या लोककला यांचा आयुष्यभर अभ्यास केला, म्हणून आज हे सगळं कागदावर तरी आहे. व्यवसायाचं केंद्र मात्र वैनगंगेकाठचं वडसा, म्हणजे देसाईगंज. पन्नासच्या आसपास नाट्यमंडळ्यांची कार्यालयं तिथे आहेत. गावातली मंडळं दिवाळीच्या आधीच वडशाला जाऊन नाटक 'बुक' करतात. दिवाळीपासून होळीपर्यंत प्रयोग चालतात. २०२३ साली गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आठशे वेगवेगळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनाही तेव्हा झाडीपट्टी हा शब्द छापावा लागला.

इतका मोठा पसारा असूनही शहरी समीक्षेनं या रंगभूमीची नोंद घ्यायला फार उशीर केला, आणि घेतली तेव्हाही 'भडक', 'रडकं', 'सिनेमाची नक्कल' एवढंच म्हटलं. मला ते निव्वळ आळसाचं वाटतं. भडक आहे हे खरं. पण भडक का आहे, हे मांडवात बसल्याशिवाय कळत नाही.

कापणी झालेल्या बांधीत किंवा बाजाराच्या मैदानावर मांडव पडतो. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवरची बैठक. काही गावांत जमीन उतरती खणून घेतात, म्हणजे मागच्यालाही दिसतं. बायका आपापली सतरंजी आणि गोधडी घेऊन येतात, कारण उत्तररात्री थंडी अंगात शिरते. रंगमंचावर वरून माईक टांगलेले असतात. नट बोलायच्या आधी दोन पावलं माईककडे येतो आणि सगळं बोलणं समोर, लोकांकडे तोंड करून होतं, नवरा-बायकोचं भांडणही. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड कोपऱ्यात. विंगेत किंवा रंगमंचाच्या पुढ्यात प्रॉम्प्टर बसलेला असतो. प्रेक्षकाला तो सहसा दिसत नाही, पण रात्रभरचं नाटक त्याच्या आवाजावर चाललेलं असतं.

या प्रॉम्प्टरविषयी थोडं थांबून सांगायला हवं. हंगामात एक नट आज एका नाटकात नवरा असतो, उद्या दुसऱ्या नाटकात दीर, परवा तिसऱ्यात सावकार. तालमीला वेळ नसतो. प्रयोग संपवून पहाटे गाडीत बसायचं, दिवसा झोपायचं, संध्याकाळी नवं गाव. त्यामुळे वाक्य आधी प्रॉम्प्टरच्या तोंडून येतं, नट ते उचलतो, त्यात स्वतःचं काही घालतो आणि लोकांकडे फेकतो. चांगला प्रॉम्प्टर फक्त वाचत नाही. पुढचं वाक्य किती उशिरा द्यायचं हे त्याला कळतं. बायकोला नवऱ्याचं लफडं समजतं, त्या प्रसंगात तो थांबतो. नटी माईकसमोर उभी, ऑर्गनचा एक सूर लांबत चाललेला, आणि मागच्या बैठकीतून हुंदका येईपर्यंत वाक्य दिलं जात नाही. शहरातल्या नाट्यगृहात याला 'पॉज' म्हणतील. इथे तो लेखकानं लिहिलेला नसतो, दिग्दर्शकानं बसवलेला नसतो. प्रॉम्प्टर आणि मांडव मिळून तो त्या रात्रीपुरता ठरवतात.

गोष्टीचा सांगाडा बहुतेक नाटकांत ओळखीचा असतो. नवरा शिकलेला किंवा पैसा आलेला. बायको सोशिक. सासू कधी खाष्ट, कधी सुनेच्या बाजूची. दुसरी बाई शहरातून आलेली, तिच्या वाट्याला लावणी किंवा तशा ढंगाचं गाणं. एक विनोदी नोकर, जो खरं काय ते सगळ्यांच्या आधी ओळखतो आणि ते झाडीबोलीत बोलून मोकळा होतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको घराबाहेर. तिसऱ्या अंकात निकाल. हा निकाल कसा लागतो, याकडे आता बारकाईनं बघायची वेळ आली आहे.

त्याआधी 'दुसरी'ची भूमिका करणाऱ्या नटीबद्दल. एके काळी इथे बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे, दंडारीत आणि खडी गंमतीत तर हमखास. नंतर नागपूर आणि इतर शहरांतून स्त्रिया येऊ लागल्या, मग झाडीपट्टीतल्याच मुली उभ्या राहिल्या. नाटकात सती-सावित्री होणारी आणि नवरा पळवणारी, दोघी एकाच गाडीतून येतात, एकाच खोलीत रंगतात आणि पहाटे एकाच गाडीतून परततात. पण गावातल्या काही नजरा पहिलीला ताई म्हणतात आणि दुसरीला वेगळं काही. भूमिकेचा डाग बाईच्या अंगाला चिकटवण्याची ही खोड वाईट आहे. नवऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाला तो डाग कधीच चिकटत नाही; त्याच्याशी हात मिळवायला पोरं विंगेपाशी गर्दी करतात. सव्वाशे-दीडशे माणसांची जेवणं करून घालणारी, दाराला तोरण लावून नाटक आणणारी गावं एवढी मोठ्या मनाची असताना, रंगपटाच्या दारापाशी मात्र कोती होतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मनावर घेतलं तर हे एका हंगामात थांबू शकतं.

तिसऱ्या अंकाकडे जाण्याआधी टीव्हीकडेही बघायला हवं, कारण मांडवातल्या बाया तोही बघतात. २२ ऑगस्ट २०१६ रोजी झी मराठीवर रात्री आठ वाजता 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि ७ मार्च २०२१ ला संपली. साडेचार वर्षं. गुरुनाथ सुभेदार, त्याची बायको राधिका, त्याची मैत्रीण शनाया. अभिजित खांडकेकर, अनिता दाते आणि रसिका सुनील. मधल्या काळात शनाया ईशा केसकरनं केली. गोष्टीत नवं काही नव्हतं. नवं होतं राधिकेचं बोलणं. ती नागपूरकडची दाखवली होती आणि 'करून रायली', 'जाऊन रायले' असंच बोलत होती. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, तरी त्यांनी ते बोलणं मनापासून उचललं. नागपूरच्या माणसाला त्यात चुका दिसल्या, भंडाऱ्याच्या माणसाला तर ते आपलं नव्हेच असंही वाटलं असेल. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो, तिचा बाज निराळाच. पण त्याआधी विदर्भाची बोली पडद्यावर आली की ती मोलकरणीच्या, हवालदाराच्या किंवा विनोदी पाहुण्याच्या तोंडी यायची. नायिकेच्या तोंडी, आणि तीही फसवल्या गेलेल्या, रडणाऱ्या, मग उठून उभं राहणाऱ्या नायिकेच्या तोंडी, रोज रात्री आठ वाजता ती पहिल्यांदाच ऐकू येत होती. पवनी-तुमसरच्या घरांत स्वयंपाक आठच्या आत उरकण्याची घाई व्हायची, त्यामागे हेही एक कारण होतं.

राधिकेनं पुढे मसाल्यांचा धंदा काढला आणि तो शेकडो कोटींपर्यंत गेला. त्याची समाजमाध्यमांवर भरपूर टिंगल झाली. आकडा अवास्तव होता, मान्य. पण टिंगल करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही. त्या बाईला लेखकानं स्वतःचा पैसा दिला होता. सासू-सासऱ्यांनी मुलाची बाजू सोडून सुनेची घेतली होती. घटस्फोट झाला होता, आणि पुढे सौमित्रशी तिचं दुसरं लग्नही लागलं होतं. स्टार प्रवाहवरच्या 'आई कुठे काय करते'नं हेच आणखी ठामपणे केलं. २३ डिसेंबर २०१९ ते ३० नोव्हेंबर २०२४ अशी ती चालली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास अरुंधतीला अनिरुद्ध आणि संजना यांच्याबद्दल कळतं, आणि पुढे ती गाणं, नोकरी, घटस्फोट, दुसरं लग्न अशी एकेक पायरी चढते. मूळ बंगाली 'श्रीमयी'. त्याच बीजावर हिंदीत 'अनुपमा' उभी राहिली. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती पाहणाऱ्या बायकांनी ती आपलीच मानली.

याच काळात कोरोना आला. २०२० च्या मार्चमध्ये झाडीपट्टीचे मांडव गुंडाळले गेले आणि पुढचा हंगामही त्यानं खाल्ला. बैलगाडा शर्यतीवरची बंदी आधीपासून होतीच. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शंकरपट, म्हणजे इथल्या बैलांच्या शर्यती, थांबले होते आणि पट व पटाच्या रात्रीचं नाटक ही जोडगोळी मोडली होती. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पट पुन्हा भरू लागले. कोरोनाच्या त्या काळात घरोघरी टीव्हीच होता. नाटक परत उभं राहिलं तेव्हा लोक परतले, पण राधिका-अरुंधती डोळ्यांत घेऊन परतले.

दूर फिलिपिन्समध्ये याच सुमाराला काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. तिथे नवरा, बायको आणि दुसरी बाई हा टीव्हीचा हुकमी विषय. २०१४ ची 'द लीगल वाइफ' तुफान चालली. ५ डिसेंबर २०१६ ते १७ मार्च २०१८ या काळात 'इका-६ ना ऊतोस' ही दुपारची मालिका चालली. तिचं नाव कॅथलिक परंपरेतल्या सहाव्या आज्ञेवरून, व्यभिचार करू नकोस या आज्ञेवरून घेतलेलं. एमा ही बायको, रोम हा नवरा, जॉर्जिया ही दुसरी. म्हणजे राधिका, गुरुनाथ आणि शनाया आपल्याकडे रोज रात्री भांडत होते, तेव्हा मनिलाच्या वस्त्यांमधून एमा आणि जॉर्जिया एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. २०२२ मध्ये 'द ब्रोकन मॅरेज व्हाव' आली. ब्रिटनमधल्या 'डॉक्टर फॉस्टर'वर बेतलेली, बागिओ या डोंगरी शहरात घडणारी, आणि जोडी स्टा. मारिया या अभिनेत्रीनं गाजवलेली. त्याच ब्रिटिश मालिकेवरून आपल्याकडे २०१९ मध्ये हिंदीत 'आउट ऑफ लव्ह' झाली होती.

पण फिलिपिन्सची गोष्ट आपल्यापेक्षा एका जागी फार अडलेली आहे. तिथे मुस्लिमांसाठीचा १९७७ चा कायदा सोडला तर घटस्फोटाचा कायदाच नाही. लग्न मुळातच रद्दबातल होतं असं न्यायालयात सिद्ध करत बसायचं, त्याला पैसा आणि वर्षं लागतात. मे २०२४ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहानं घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, ते वरच्या सभागृहात अडकलं. व्यभिचार तिथे गुन्हा आहे, पण १९३० च्या दंडसंहितेत नवऱ्याला एक माप आणि बायकोला दुसरं. बायकोनं एकदा परपुरुषाशी संबंध ठेवला तरी गुन्हा. नवऱ्यानं मात्र त्या बाईला राहत्या घरात आणून ठेवलं, तिच्याशी उघड्यावर लोकांना लाज वाटेल असं वर्तन केलं किंवा तिच्यासोबत दुसरीकडे संसार थाटला, तरच. त्यामुळे तिथल्या मालिकेतली बायको वर्षभर भांडते, थोबाडीत मारते, सूड घेते, कारण कायद्यानं तिला दार नाही. तिथला मेलोड्रामा भडक आहे तो या बंद दारामुळे. आणि लाखो फिलिपिनो बायका-पुरुष परदेशात कामाला असल्यानं नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, ही ताटातूट तिथे घरोघरची आहे.

आपल्याकडे दार आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोट आणला आणि दुसरी बायको करणं बेकायदा ठरवलं. जुन्या मुंबई प्रांतात दुसऱ्या लग्नाला १९४६ मध्येच बंदी झाली होती. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, म्हणून इथे ती बंदी १९५५ च्या कायद्यानंच आली. आजच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत दोन बायकांची घरं आहेत, ती यामुळेच. सवत हा शब्द इथल्या नाटकवाल्यांनी पुराणातून उचललेला नाही. दुसऱ्या बाजूनं, इथल्या बहुतेक शेतकरी जातींत फारकत आणि पाट हे रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीपासून होते. पंच बसायचे, फारकत व्हायची, बाईचा पाट लागायचा. प्रतिष्ठेच्या नादात पुढे अनेक घरांनी पाट कमीपणाचा मानला आणि 'आमच्यात पुन्हा लग्न नाही' असं अभिमानानं सांगायला सुरुवात केली. बाईच्या हातातलं एक जुनं दार आपल्याच लोकांनी बंद केलं, आणि त्याच काळात रंगमंचावरची नायिका अधिकाधिक सोशिक होत गेली.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जोसेफ शाइन खटल्यात दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, तेव्हा राधिकेची मालिका ऐन भरात होती. त्या कलमाखाली तक्रार फक्त नवरा करू शकत होता, आणि तीही आपल्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाविरुद्ध. राधिकेसारख्या बाईला त्या कलमात काही स्थानच नव्हतं; तिचा नवरा दुसरीकडे गेला तर तिला फौजदारीत काही करता येत नव्हतं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, या समजुतीवर ते कलम उभं होतं. ते गेलं हे चांगलं झालं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही ते परत आणलेलं नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण मात्र आजही आहे, पोटगीचा हक्क आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा राहत्या घरातून बाईला हुसकावून लावायला मनाई करतो. भंडाऱ्याच्या मांडवातली बायको दुसऱ्या अंकाच्या शेवटी घराबाहेर काढली जाते, तेव्हा खरं तर नवऱ्याला तसं करताच येत नाही. हे वाक्य एखाद्या विनोदी नोकराच्या तोंडी झाडीबोलीत येऊ द्या; टाळ्या पडतील.

इथे तिसऱ्या अंकाचा निकाल आला. अनेक नाटकांत तो असा लागतो: नवऱ्याला उपरती होते, दुसरी बाई मरते किंवा पळून जाते, बायको कुंकवासाठी त्याला माफ करते आणि घरात परत येते. काही नाटकांत बायको मरते आणि नवरा प्रेताजवळ रडतो. मांडव हुंदके देतो. पण पहाटे गोधडी झटकून उठणाऱ्या बाईच्या पदरात काय पडतं? सहन कर, तो परत येईल. माफीला माझा विरोध नाही. माफ करणं हा बाईचा अधिकार आहे. पण जिला दुसरीकडे जायला जागाच नाही, तिनं केलेली माफी ही माफी कशी म्हणायची?

जागा म्हणजे काय, ते मंडईच्या ओसरीवरच उघड आहे. भाऊबीजेला ओवाळून मंडईला थांबलेल्या लेकीचा बापाच्या वडिलोपार्जित शेतात वाटा आहे. महाराष्ट्रानं १९९४ च्या दुरुस्तीनं तो दिला, त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्या लेकी वगळून. केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून लेकीला लेकाइतकाच हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं उरलीसुरली शंका मिटवली: बाप २००५ ला हयात होता की नव्हता, यानं फरक पडत नाही, हक्क जन्मानं आहे. पण तलाठ्याकडे फेरफार करायच्या वेळी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. भावाचं घर आपल्याला उघडं राहावं, साडी-चोळी मिळत राहावी, म्हणून करते. आणि एक दिवस नवरा दुसरी आणतो. ती माहेरी येते. वर्षभरात तिची 'बहीण आली आहे'ची 'बहीण बसली आहे' होते. वहिनीचा आवाज बदलतो, रोवणीच्या मजुरीवर तिचं आणि पोरांचं भागवायला लागतं. झाडीपट्टीच्या नाटकात नवऱ्याचं घर मोडतं तेव्हा ऑर्गन वाजतो. माहेरचं घर मोडतं तेव्हा कुणी वाजवत नाही. कारण खुर्च्यांवर पुढे भाऊच बसलेले असतात.

टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. संगमनेरच्या निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी ऐंशीच्या दशकापासून परित्यक्तांची मोट बांधली, परिषदा घेतल्या, रेशनकार्डापासून पोटगीपर्यंत एकेक मागणी लावून धरली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्या बरोबरीनं 'परित्यक्ता' असा शब्द पात्रतेच्या यादीत आहे. सरकारला हा शब्द अर्जात छापावा लागतो, इतक्या त्या आहेत. दरमहा दीड हजार रुपयांत घर चालत नाही, पण बँकेच्या खात्यावर तिचं स्वतःचं नाव आहे. सातबारावर ते नाही.

झाडीपट्टीच्या लेखकांना कुणी बाहेरून येऊन शहाणपण शिकवण्याची गरज नाही. याच रंगभूमीनं शेतकऱ्यांच्या आत्महत्या रंगमंचावर आणल्या, दारूबंदीची नाटकं केली, अंधश्रद्धेवर प्रहार केले. लोकांना रात्रभर जागं ठेवून त्यांच्या घरातली गोष्ट त्यांनाच दाखवायची ताकद तिच्यात आहे. मालिका एकेका घरात एकेकट्या बाईला रडवते आणि उद्याच्या भागावर ढकलते. इथे नवरा, बायको, सासू, भाऊ, सरपंच, पोलीस पाटील एकाच मांडवात बसलेले असतात, आणि निकाल पहाटेच्या आत लागतो. त्या निकालाचं वजन गावात राहतं. पुढचे आठ दिवस पाणंदीवर, गिरणीवर, बचत गटाच्या बैठकीत त्याच नाटकाची चर्चा होते. नाटकाच्या नफ्यातून कुणी शाळेला खोली बांधतं, कुणी देवळाला शेड घालतं. इतकं गावाचं असलेलं नाटक गावातल्या लेकीच्या वाट्याबद्दल गप्प राहू नये.

म्हणून या हंगामात वडशाला नाटक ठरवायला जाणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. कलावंत कोण, लावणी किती, एवढंच विचारून बयाणा देऊ नका. शेवटी बायकोचं काय होतं, तेही विचारा. लेखकांना विनंती आहे की तिसऱ्या अंकात एकदा तरी भावाला रंगमंचावर आणा, त्याच्या हातात हक्कसोडपत्र द्या आणि त्याला ते फाडू द्या. आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्या भावांनो, बहीण मंडईला आलीच आहे, तर ती परत जाण्याआधी तिला सोबत घेऊन तलाठ्याकडे जाऊन या.